पाणी माझं, तांब्या माझा नाही

बंगळूरमध्ये 'सरी' हा कानडी शब्द 'बरोबर' आणि 'बरं' अशा दोन अर्थांनी चालतो. कृष्णोजीराव अण्णांकडे त्याला याहून बरेच अर्थ होते. 'ऐकलं', 'पुढं बोला', 'पटलं नाही पण वाद नको', 'आता तुम्ही निघालात तरी चालेल', आणि फोन ठेवताना कशासाठीच नाही, नुसतं 'सरी, सरी, सरी'. जयनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सोळा वर्षं भाड्यानं राहिलो. तेवढ्या काळात 'सरी'चा अर्थ 'मला गुन्हा कबूल आहे' असा झालेला मी एकदाच पाहिला. तो भर कोर्टात झाला.

अण्णांचे पूर्वज बंगळुरात कधी आले ते अण्णांना सांगता येत नसे आणि अंदाजानं सांगणं त्यांना आवडत नसे. घरात मराठी, दुकानात कानडी, देवासमोर दोन्ही. मी चिकोडीकडचा, त्यामुळे दोन्ही भाषा मला येत होत्या. पण अण्णांच्या मते माझं कानडी उत्तरेकडचं आणि मराठी हिशेबनिसाचं होतं. ते मला 'चौगुले' म्हणत आणि मी त्यांना अण्णा. त्यांच्या पत्नी सुंदराबाई, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अक्का.

बाजाराच्या रस्त्यावर अण्णांचं बटणांचं दुकान होतं. बटणं, झिपा, दोरे, अस्तर, हूक. दारावर तीन भाषांत पाटी होती, 'एकच भाव'. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते काही बोलत नसत, बोटानं पाटी दाखवत आणि 'सरी' म्हणत. गिऱ्हाईक एक सुटं बटण घेऊन येई आणि असंच दुसरं मागे. अण्णा ते बटण तळहातावर घेऊन दारात उजेडाला जात, परत येत, डबे काढत. कधी अगदी तसंच मिळे. कधी मिळत नसे, तेव्हा गिऱ्हाईक म्हणे, "हे जवळपास तसंच आहे की, द्या."

"जवळपास म्हणजे वेगळं," अण्णा म्हणत आणि डबा बंद करत.

एकदा एका नवरदेवाच्या बापाला त्यांनी असं परत पाठवलं. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. शेरवानीचं एक बटण तुटलेलं आणि अण्णांकडचं बटण, माझ्या डोळ्यांना तरी, हुबेहूब तसंच होतं. तो माणूस हात जोडत होता. "फोटोत कुणाला दिसणार आहे अण्णा?" अण्णा म्हणाले, "मला दिसलं ना." शेवटी त्यांनी सगळी बटणं बदलायचा संपूर्ण जोड दिला, आणि त्यातही जी बटणं मुळात धड होती तेवढ्यांचे पैसे घेतले नाहीत. धंदा म्हणून याचं समर्थन करता येत नाही. मी हिशेबाचं काम करतो, मी करून पाहिलं आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं की आजचे मोदक कृष्णोजीरावांतर्फे. टाळ्या झाल्या. अण्णा उठले, सतरंजीवरच्या लोकांना ओलांडत पुढे गेले, माइक मागून घेतला आणि म्हणाले, "डबा माझा आहे. मोदक देशमुखबाईंचे आहेत." माइक परत दिला आणि जागेवर येऊन बसले. देशमुखबाई त्यावर दोन दिवस खूश होत्या आणि अध्यक्ष दोन वर्षं नाराज.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की पुढं जे झालं ते याच माणसाच्या हातून होऊ शकलं असतं.

आमच्या समोरच्या घरात किरण नावाचा एक तरुण भाड्यानं आला. हासनकडचा, सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्याकडे पांढरी गाडी होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. अण्णा रोज सकाळी फाटकाबाहेर बादलीनं पाणी मारत, मग अक्का रांगोळी काढत, मग तांब्यानं तुळशीला पाणी घालत. त्या सकाळी किरणनं गाडी मागं घेतली ती रांगोळीवर आणली आणि तिथंच बंद करून तो उतरला. अण्णा म्हणाले, "गाडी स्वल्प पुढं घ्या." किरणला ऑफिसचा फोन आलेला होता. तो कानावरचा फोन न काढता म्हणाला, "रस्ता काय तुमच्या अप्पाचा आहे का?"

अण्णांनी दोन्ही हातांनी बादली उचलली आणि उरलेलं पाणी गाडीच्या चाकावर मारलं. त्यातलं निम्मं किरणच्या पँटवर गेलं. किरण खाली वाकून पँट झटकायला लागला आणि वाकल्या वाकल्या अण्णांच्या वडिलांविषयी आणखी एक वाक्य बोलला. अण्णा 'सरी' म्हणाले. अक्का तुळशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी तांब्या फेकला.

मी वर गॅलरीत दात घासत होतो, म्हणून हे सगळं मला नीट दिसलं. तांब्या किरणच्या भुवईवर लागला. तो वर बघेपर्यंत समोर अण्णा होते, हातात रिकामी बादली. अक्का तोवर आत पळाल्या होत्या. त्या मुठीत कॉफीची पूड घेऊन बाहेर आल्या आणि "अय्यो लेकरा, अय्यो लेकरा" करत त्याच्या जखमेवर पूड दाबून धरली. नेम गाडीवर होता असं अक्कांचं म्हणणं. त्यांनी ते शेवटपर्यंत बदललं नाही.

भुवईला टाके पडले. किरणनं पोलिसांत तक्रार दिली की शेजारच्या म्हाताऱ्यानं आधी पाणी फेकलं आणि मग तांब्या फेकला. त्यात तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्यानं जे पाहिलं त्यावरून त्याची बेरीज तशीच झाली.

दुपारी पोलीस आले. पंचनामा झाला. तांब्या जप्त झाला. तो अक्कांच्या माहेरचा, त्यावर 'सुंदरा' असं टिपक्याटिपक्यांनी कोरलेलं होतं. घासून घासून अक्षरं पुसट झाली होती. हवालदारांनी तांब्या फिरवून पाहिला आणि लिहिलं, 'तांब्याचे भांडे एक, बाहेरून नक्षीकाम'. अण्णा वाचून म्हणाले, "हे नक्षीकाम नाही." हवालदार म्हणाले, "सरी, सरी," आणि तसंच ठेवलं.

जामीन मी राहिलो. ठाण्यातच झालं, फार वेळ लागला नाही. अण्णांना जबाब विचारला तेव्हा त्यांनी तो तिथंच पूर्ण केला. "पाणी मी टाकलं. तांब्या मी टाकला नाही."

"मग कुणी टाकला?"

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

कारण साधं होतं. त्यांची मुलगी परदेशात होती आणि तिला दिवस गेले होते. अक्का बाळंतपणाला जाणार होत्या. पासपोर्ट तयार होता, व्हिसाचा अर्ज गेलेला होता. फौजदारी केसमध्ये नाव आलं की ते सगळं अडकणार हे अण्णांना कुणी सांगावं लागलं नाही. तेव्हा तांब्या कुणी टाकला हे ते सांगणार नव्हते, आणि तांब्या मी टाकला हेही म्हणणार नव्हते, कारण ते खरं नव्हतं. या दोन्हींच्या मधल्या जागेत उभं राहायचं त्यांनी ठरवलं. ती जागा फार मोठी नव्हती.

वकील म्हणून लता मॅडम मिळाल्या. तरुण, झटपट बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही वरून काय पाहिलंत?" मी म्हटलं, "तुम्हाला ते हवंय का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अक्कांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "नको."

मग त्यांनी अण्णांना केस समजावून सांगितली. नुसत्या साध्या मारहाणीची केस असती तर तक्रारदाराला राजी करून मिटवता आली असती. पण पोलिसांनी तांब्याला घातक हत्यार धरलं होतं. त्या कलमाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्यात परस्पर राजी होता येत नाही.

"तांब्या हत्यार?" अण्णांनी विचारलं.

"वापरला तर काहीही हत्यार होतं, अण्णा."

"आणि बादली?"

"बादलीबद्दल कुणाची तक्रार नाही."

आरोप ठेवण्याच्या दिवशी अण्णा पांढरा शर्ट घालून आले. गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, सगळी एका जोडातली. आम्ही मागच्या बाकावर बसलो, मी आणि अक्का. पलीकडच्या टोकाला किरण होता. अण्णांचं नाव पुकारलं. ते पुढं जाऊन उभे राहिले. न्यायाधीशबाईंनी कानडीत आरोप वाचला. सावकाश, स्पष्ट. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, तुम्ही पाणी फेकून आणि तांब्याचं भांडं फेकून मारून दुखापत केलीत. मग विचारलं, "हा गुन्हा तुम्हाला कबूल आहे?"

"सरी," अण्णा म्हणाले.

शेजारी बसलेल्या टायपिस्टची बोटं चालू झाली. लता मॅडम अर्ध्या उठल्या. अक्कांनी माझं मनगट धरलं.

न्यायाधीशबाईंनी हात वर करून टायपिस्टला थांबवलं. "सरी म्हणजे काय? कबूल आहे?"

"सरी म्हणजे तुम्ही म्हणालात ते ऐकलं, मॅडम."

"मग कबूल आहे की नाही?"

"पाण्याचं कबूल आहे. तांब्याचं नाही."

"अर्धं कबूल करता येत नाही."

अण्णा विचारात पडले. "मग पाण्याचं काय करायचं?"

कोर्टात थोडं हसू झालं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. 'आरोप नाकबूल' असं त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं आणि अण्णांना म्हणाल्या, "यापुढं कोर्टात सरी म्हणू नका. हो किंवा नाही म्हणा."

"सरी," अण्णा म्हणाले.

त्यानंतर लता मॅडमनी प्ली बार्गेनिंगची गोष्ट काढली. ती अण्णांच्या दिवाणखान्यात, कॉफी पिता पिता. आरोप ठेवल्यावर ठराविक मुदतीत आरोपी स्वतः अर्ज करू शकतो, त्या म्हणाल्या. गुन्हा मान्य करायचा, तक्रारदाराला भरपाई द्यायची, त्याच्याशी बोलून तोडगा काढायचा, आणि पहिलाच गुन्हा असल्यामुळे शिक्षा अगदी कमी होते. वयाकडे बघून तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतील. साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत.

"बार्गेनिंग," अण्णा म्हणाले.

"हो."

"म्हणजे कलमातही घासाघीस चालते."

"कायद्यात आहे, अण्णा."

"आमच्याकडे एकच भाव आहे."

लता मॅडमना दुकानातली पाटी माहीत नव्हती, त्यामुळे त्यांनी पुढं समजावणं चालू ठेवलं. अण्णांनी विचारलं, मान्य कुठला गुन्हा करायचा? लावलाय तोच, त्या म्हणाल्या. पाण्याला वेगळं कलम नाही का? पाण्याला किरकोळ कलम लागू शकतं, पण ते त्यांनी लावलेलं नाही. "मग लावायला सांगा," अण्णा म्हणाले. "तेवढं मी पूर्ण भावात घेतो."

लता मॅडमनी कप खाली ठेवला. वीसेक वर्षांच्या वकिलीनंतर त्या अशा वाक्याला सरावल्या असत्या. त्यांना तेव्हा पाचच झाली होती.

अण्णांना वळवलं ते अक्कांनी. खाली काय चाललंय ते मला वर ऐकू येत असे, कारण अक्का हळू भांडत नसत. "तांब्या माझा, फेकला मी, आणि तारखा तुम्ही खाताय. मी उद्या जाऊन सांगते. विमान राहू दे, मुलगी राहू दे."

"तू जायचं नाहीस."

"मग तो कागद करा आणि मोकळे व्हा. नाहीतर मी चालले ठाण्यात. चौगुलेंना घेऊन जाते. त्यांनी बघितलंय सगळं."

मी गॅलरीतून आत गेलो.

अण्णांनी सही केली. कुणी जबरदस्ती केलेली नाही, शिक्षेचं स्वरूप समजून उमजून अर्ज करत आहे, असं प्रतिज्ञापत्र होतं. सही करताना त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. माझ्या माहितीत, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी जवळपासचं बटण दिलं.

पण कायद्यात एक तरतूद आहे, तिचा विचार अक्कांनी केला नव्हता. अर्ज खरंच स्वखुशीनं केला आहे की नाही, हे न्यायाधीश बंद खोलीत विचारून बघतात. दुसऱ्या बाजूचं कुणी नाही, प्रेक्षक नाहीत. आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात थांबलो. किरणही. तो तोवर ऑफिस जवळ पडतं म्हणून के. आर. पुरमला राहायला गेला होता आणि तारखेला तिथून रजा काढून येई. अक्का डब्यात सगळ्यांपुरतं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, आणत, अगदी त्याच्यापुरतंही. पहिल्या तारखेला तो नको म्हणाला होता. पुढं पुढं म्हणत नसे.

आत काय झालं ते लता मॅडमनी बाहेर आल्यावर जिन्यात सांगितलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हा अर्ज तुम्ही स्वतःच्या मर्जीनं केलाय? कुणी ओत्ताय केला नाही ना?" ओत्ताय म्हणजे दबाव.

"केला ना," अण्णा म्हणाले.

"कुणी?"

"बायकोनं केला. या वकीलबाईंनी केला. पण यांनी चांगल्या शब्दांत केला."

अर्ज तिथंच फेटाळला गेला. केस होती त्या टप्प्यावरून पुढं चालू. अर्जात लिहिलेलं तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही, एवढं लता मॅडमनी अण्णांना सांगितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आता खरंच खटला चालेल, अण्णा. तुम्हाला शिक्षा होऊ शकते. खरी शिक्षा."

"होऊ शकते," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी नीट दिसत होता.

अक्का त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग व्हिसा आला. अक्का जायला तयार नव्हत्या. अण्णा म्हणाले, "तू गेली नाहीस तर मी सही केली ती फुकट गेली." तिचा उपयोग तसाही झाला नव्हता, पण अक्का गेल्या. विमानतळावर त्यांनी अण्णांना सांगितलं, तुळशीला पाणी घाला. अण्णांनी विचारलं, कशानं? तांब्या कोर्टात होता. 

किरणची साक्ष झाली तेव्हा मागच्या बाकावर मी एकटाच होतो. त्यानं सरळ सांगितलं. पाणी आलं, मी वाकलो, तांब्या लागला, वर बघितलं तर हे उभे होते. लता मॅडम उठल्या.

"वर बघितलंत तेव्हा यांच्या हातात काय होतं?"

"बादली."

"कोणत्या हातात?"

किरणनं आठवून बघितलं. त्यानं नकळत स्वतःचे हात पुढं करून बादली धरल्यासारखे केले. "दोन्ही."

"पाणी मारताना?"

"दोन्ही हातांनीच मारलं."

"मग तांब्या कोणत्या हातानं फेकला?"

माणसाला हात दोन असतात. हा हिशेब ठाण्यात झाला नव्हता, आरोपपत्रात झाला नव्हता, आणि मीही ही बेरीज कधी मांडली नव्हती, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. किरण स्वतःच्या पुढं केलेल्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवून मागच्या बाकाकडे बघितलं. माझ्याशेजारची जागा, जिथं अक्का डबा मांडीवर घेऊन बसत, ती रिकामी होती. त्यानं भुवईवर बोट फिरवलं.

"फेकताना बघितलंत का?" लता मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग कुणी फेकला?"

"गोत्तिल्ला," किरण म्हणाला. माहीत नाही. त्यानं बघितलं नव्हतं हे खरंच होतं, त्यामुळे शपथेला बाध आला नाही. सरकारी वकिलांनी त्याला पुन्हा विचारून पाहिलं. त्याचं उत्तर तेच राहिलं.

शेवटी न्यायाधीशबाईंनी अण्णांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? उत्तर न देण्याचा हक्क आहे, हे लता मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं. सगळ्या कायद्यात अण्णांना मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट.

"पाणी मी टाकलं," अण्णा म्हणाले. "तांब्या नाही." आणि पुढचा प्रश्न येईल म्हणून खिडकीबाहेर बघायची तयारी केली. पुढचा प्रश्न आला नाही.

संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं. मी अभिनंदन केलं. "फायदा कशाला?" अण्णा म्हणाले. "मी मागितला नव्हता." मग ते किरणपाशी गेले. "पँट खराब झाली होती तुमची. त्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. माफ करा." किरण म्हणाला, "अंकल, मी पण तुमच्या अप्पांबद्दल बोललो होतो." "सरी," अण्णा म्हणाले. हा अर्थ मी आधी ऐकला नव्हता.

अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल परत न्यायला बोलावणं आलं. अण्णा गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. कारकून म्हणाला, तुमच्या घरातून जप्त झाला, तुम्ही आरोपी होता, 'माझी वस्तू परत मिळाली' म्हणून सही करा. अण्णा म्हणाले, वस्तू माझी नाही, बायकोची आहे, तिचं नाव आहे वर. कारकुनानं फिरवून बघितलं आणि म्हणाला, नक्षीकाम आहे. तेव्हा तांब्या अक्का परत येईपर्यंत कोर्टातच राहिला, आणि तुळशीला अण्णा बादलीनं पाणी घालत राहिले.

अक्का नातवाचे फोटो घेऊन परत आल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते दोघं घर विकून येलहंकाला मुलाकडे जाणार होते, म्हणून त्याआधी हे काम उरकायला आम्ही तिघं कोर्टात गेलो. खिडकीपलीकडे कारकुनानं कपाटातून तांब्या काढला. त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती, लाखेचा ठिपका होता. तो काळा पडला होता. अक्कांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि पदराच्या टोकानं एका जागी पुसला.

"निम्मदेना?" कारकुनानं विचारलं. तुमचाच ना?

"माझाच," अक्का मराठीत म्हणाल्या. कारकून सहीसाठी बोट दाखवत होता. अक्कांनी सही केली, पेन ठेवलं, आणि त्याच्याकडे बघून, अगदी स्पष्ट आवाजात, मराठीतच म्हणाल्या, "माझाच आहे, आणि त्या दिवशीही माझ्याच हातात होता. मीच फेकला."

कारकुनाला मराठी येत नव्हतं. "सरी," तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

अण्णा भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते.

बाहेर रिक्षा मिळाली. मला ऑफिसला जायचं होतं, मी कडेला थांबलो. रिक्षात चढताना अक्कांना साडी सावरायची होती. त्यांनी तांब्या अण्णांपुढं धरला. "स्वल्प धरा हो."

अण्णांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.